खण

क्लाक्सविकच्या बंदरातून आज एकही बोट बाहेर पडली नाही.
वारा असा, की मेंढ्यासुद्धा भिंतींना चिकटलेल्या.
म्हणून हानुसला वेळ आहे,
म्हणून तोराला बोलावणं गेलं,
आणि बूट दारात काढून, नुसत्या मोज्यांवर,
गळ्यात पेनड्राइव्ह अडकवून ती आली.

जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप.
कीबोर्डवर चौदा वर्षांचं मीठ,
एका कळीच्या जागी स्वेटरचं बटण चिकटवलेलं.

"सगळं पुसून टाकू का?" तोरा विचारते,
सतरा वर्षांची माणसं विचारतात तसं, सहज.

हानुस काही बोलत नाही.
शेगडीपासून सुनवा बोलते:
"माझ्या पत्त्यांना हात लावलास तर याद राख."
जुन्या विंडोजमध्ये तिचा डाव आहे,
रोज रात्री एक, जिंकल्याशिवाय झोप नाही.
आणि हानुसची वही आहे,
चौदा मोसमांचं मासळीचं वजन,
अशा एका प्रोग्रॅममध्ये, ज्याची कंपनी
कधीच बुडाली
आणि बुडताना किल्ली सोबत घेऊन गेली.

ठीक. मग वाटणी.

पडद्यावर एक लांबट पट्टी उमटते, सलग, एकाच रंगाची.
तीनशे वीस जीबी.
तोरा तिची कड पकडते आणि आत सरकवते,
हळूच बांध कोरावा तशी.

"नव्याला किती देऊ?"
"नवा करतो काय?"
"सगळं."
"मग थोडंच दे. सगळं येणाऱ्याचं थोडक्यात भागलं पाहिजे."

तोरा हसते, समजावू लागते:
हे रूट, हे होम, हा एवढासा स्वॅप,
आता म्हणशील आजोबा, इतके तुकडे कशाला...
पण तो केव्हाचा मान हलवतोय.

'सुला'च्या पोटात त्यानं जन्मभर फळ्या बसवल्या,
उभ्या खाचांत आडव्या सरकवून, खणामागून खण.
खण नसतील तर मासळी म्हणजे पाणीच:
लाट डावीकडे, मासळी डावीकडे,
आणि मग बोट परत सरळ व्हायचं विसरते.
एकदा एक फळी कमी पडली होती.
त्या रात्रीबद्दल तो बोलत नाही.
केबिनचं दार उपटून खणात घातलं, इतकंच सांगतो,
आणि पुढचे चार दिवस सगळ्यांना सर्दी.

बदल डिस्कवर लिहायचे?
हे मागे घेता येणार नाही.

हानुस चष्मा पुसतो. वाक्य दोनदा वाचतो.
"बॅकअप?"
तोरा ओसरीतल्या कोटाकडे बोट दाखवते,
त्याच्या खिशात दुसरी डिस्क.
"वाऱ्यात? आत आण आधी तो कोट."
कोट आत येतो, खुर्चीवर बसतो,
पाहुण्यासारखा.

मग एक कळ.
छताचा दिवा मिचकतो, तिघांचाही श्वास अडकतो
(बॅटरी कधीच मेलेली आहे),
आणि दिवा सावरतो.
पट्टी सरकत राहते. एकेचाळीस टक्क्यांवर इतकी रेंगाळते
की सुनवाचे बटाटे सोलून, उकडून, वाढूनही होतात.

सगळ्यात शेवटी, टोकाला, एक मेगाबाइट उरतो,
कुणाच्याच नावावर न लागलेला.
"हे काय?"
"असं राहतंच थोडं. कशात बसत नाही."
"पाखरांचा वाटा," हानुस म्हणतो,
बंदरात शेवटची बादली उपडी करताना म्हणायचा तसाच.

आता मशीन सुरू झालं की आधी विचारतं:
नवं की जुनं?
आणि दहापासून उलटं मोजू लागतं.

"कुणी काहीच दाबलं नाही तर?"
"तर ते आपलं आपण नवं उघडतं."
हानुस आकडे उतरताना बघतो. सात. सहा.
"दहा कमी आहेत. साठ कर.
हिला शेगडीपासून इथवर यायचं असतं,
हात पुसत पुसत."